अस्वल वजा जाता

अमेरिकेतल्या पोर्टलंडहून कोलंबिया नदीकाठचा आय-84 महामार्ग धरला की कॅस्केड लॉक्सला ब्रिज ऑफ द गॉड्स लागतो. टोल भरून पलीकडे उतरलं की वॉशिंग्टन राज्यातली स्कमेनिया काउंटी. घरापासून तासाभराचा रस्ता. बिगफुट म्हणजे इथल्या रानात राहतो असं सांगितलं जाणारा, माणसासारखा दोन पायांवर चालणारा दांडगा केसाळ प्राणी. त्याला मारणाऱ्याला 10,000 डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असा नियम या काउंटीने 1 एप्रिल 1969 रोजी केला. तारखेवर हसायला हरकत नाही, पण बंदुका घेऊन रानात हिंडणाऱ्या हौशी मंडळींच्या हातून एखादा माणूसच मरायचा, ही भीती खरी होती. 1984 मध्ये शिक्षा सौम्य केली, संरक्षण मात्र कायम ठेवलं.

स्टीव्हन्सनला टाकी भरून घ्यायची आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवायचा. कार्सन मागे टाकून विंड रिव्हर रस्त्याने गिफर्ड पिंचो जंगलात शिरलं की रेंजचा भरवसा नाही. बिगफुट दिसल्याच्या गोष्टी तपासायला आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलो. पहिल्या पावसाने रस्त्याकडेची माती ठसा धरण्याइतकी ओली झालेली असते आणि बर्फ अजून खाली उतरलेला नसतो. हे शिकारीचेही दिवस, त्यामुळे भडक नारिंगी जाकीट हवंच.

कुणी ‘दिसलं’ म्हणून सांगितलेल्या जागी गेलो की आम्ही आधी माग शोधत नाही, उंची तपासतो. दर 10 सेंटिमीटरला पट्टा रंगवलेली दोन मीटरची काठी घेऊन एकाने सांगितलेल्या जागी उभं राहायचं. दुसऱ्याने पाहणाऱ्याच्या जागेवरून, त्याच वेळेच्या उजेडात फोटो काढायचा. अंतर लेझर मीटरने मोजायचं. ‘आठ फूट उंच’ प्राणी निम्म्या वेळा इथेच सहा फुटांखाली येतो, कारण संध्याकाळी साठ-सत्तर मीटरवरचा अंदाज कुणाचाच धड नसतो. जळक्या खोडांचीही नोंद ठेवायची, दुरून ती उभ्या प्राण्यासारखी दिसतात. विचारतानाही ‘किती उंच होतं?’ असं विचारू नये. ‘शेजारच्या फांदीच्या वर होतं की खाली?’ असं विचारावं.

आता ठसे. वनरस्त्याच्या वळणावर डबकं आटलेल्या चिखलात एक लांबलचक पाऊल होतं, 34 सेंटिमीटर. सापडल्याबरोबर त्यात साच्याचं मिश्रण ओतायची घाई केली की काम बिघडतं. आधी फोटो: कॅमेरा तिकाटण्यावर, भिंग जमिनीकडे अगदी सरळ खाली, मोजपट्टी ठशाच्या तळाच्या पातळीवर. पट्टी वरच्या काठावर ठेवली तर माप चुकतं. जाकिटाने ऊन अडवून टॉर्च चारही बाजूंनी तिरपा मारायचा आणि प्रत्येक बाजूचा वेगळा फोटो घ्यायचा. मग पुढची-मागची निदान सहा पावलं शोधून दोन पावलांमधलं अंतर मोजायचं. एकटं पाऊल जवळजवळ काहीच सांगत नाही.

साच्यासाठी आपल्या गणपतीवालं पीओपी नको. ते मऊ असतं, ब्रश मारताना बारकावे झिजतात. दातांचे डॉक्टर वापरतात तो डेंटल स्टोन घ्यायचा. घरूनच 900 ग्रॅम पूड झिपलॉक पिशवीत भरून न्यायची, जागेवर साधारण 300 मिलिलिटर पाणी घालून चार-पाच मिनिटं बाहेरूनच मळायची. धिरड्याच्या पिठाइतकं सैल हवं. घट्ट राहिलं तर बोटांच्या खाचांत शिरत नाही, पातळ झालं तर साचा उचलतानाच मोडतो. एवढ्या ठशाला दोन पिशव्या लागतात. ठशात साचलेलं पाणी सिरिंजने ओढून घ्यायचं, वर पडलेली सुटी पानं उचलायची, रुतलेली तशीच ठेवायची. मिश्रण थेट ठशात ओतलं तर धारेने माती खणली जाते. ते बाजूला ओतून आत वाहू द्यायचं. ऑक्टोबरच्या गारठ्यात तासभर हात लावायचा नाही, आणि खालच्या मातीसकट उचललेला साचा 48 तास धुवायचा नाही.

बनावट माग ओळखायलाही हीच सहा पावलं लागतात. 1958 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीकला सापडलेल्या ठशांमुळे ‘बिगफुट’ हा शब्द वर्तमानपत्रांत आला. तिथले रस्त्याचे ठेकेदार रे वॉलेस 2002 मध्ये वारले, तेव्हा घरच्यांनी त्यांची लाकडी पावलं दाखवली. लाकूड वाकत नाही. चढावर, उतारावर, चिखलात बोटं तशीच्या तशी उमटली तर समजून जायचं.

केस सापडले तर चिमट्याने कागदी पाकिटात ठेवायचे, प्लॅस्टिकमध्ये दमटपणाने बुरशी धरते. इथून नदीकाठाने पुढे असलेल्या द डॅल्स गावातून बिगफुटचे शोधक पीटर बर्न यांनी 1976 मध्ये असेच केस एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेकडे पाठवले होते. ते हरणाच्या कुळातले निघाले. ती फाइल 2019 मध्ये खुली झाली.

रात्रीसाठी रेकॉर्डर ओढ्यापासून लांब, खोडाला बांधायचा. नाहीतर पाण्याच्या खळखळाटात सगळं बुडतं. या दिवसांत एल्क या मोठ्या हरणाच्या नराची शीळ आणि बार्ड घुबडाचं माकडासारखं किंचाळणं या दोन आवाजांनी नवखा माणूस हमखास दचकतो. आधी दोन्ही ऐकून ठेवावेत.

दोन दिवसांनी घरी साचा धुतला. मध्यावर बारीक आडवी कडा होती. काळं अस्वल चालताना मागचा पंजा बरेचदा पुढच्याच्या ठशावर टाकतं, आणि साधारण 17-18 सेंटिमीटरचं पाऊल बरंच लांब दिसतं. बोटांनी उरलीसुरली शंका मिटवली: माणसाचं मोठं बोट आतल्या बाजूला असतं, अस्वलाचं बाहेरच्या. आमच्या साच्यात ते बाहेर होतं. पाठीवर तारीख, जागा आणि ‘अस्वल, दुहेरी ठसा’ असं लिहून तो फळीवर ठेवला.