ऐंशी कुप्या, एकाहत्तर ॲम्प्यूल

सकाळी मोजणी केली तेव्हा लसभांडारात बीसीजीच्या, म्हणजे बाळांना देतात त्या क्षयरोगावरच्या लसीच्या, ८० कुप्या निघाल्या. केंद्रांची महिन्याची मागणी १२० कुप्यांची, आणि वरून निरोप आला होता की पुढची खेप दीड महिना तरी नाही. देशभर हीच ओढाताण.

मागणी मी बाजूला ठेवली आणि जन्मनोंदी काढल्या. महिन्याला साधारण ८०० बाळं. एका कुपीत वीस डोस, म्हणजे आजवर दर कुपीमागे सहा-सात बाळांनाच लस मिळत होती, बाकीची टाकून दिली जात होती. दीड महिन्याची १२०० बाळं ८० कुप्यांत बसवायची तर कुपीमागे पंधरा हवीत. म्हणून रोज कुपी फोडणं बंद केलं. मोठ्या प्रसूतिगृहात आठवड्यातून दोन ठरलेले दिवस, आजूबाजूच्या लहान केंद्रांची बाळं यादी करून त्याच दिवशी तिथेच. घरात क्षयरुग्ण असेल तर मात्र एका बाळासाठीही कुपी फोडायची, यावर चर्चा नाही.

मग द्रावक मोजलं, म्हणजे लसीची पूड ज्यात कालवतात तो द्रव. कुपीमागे त्याचं एक बंद काचेचं ॲम्प्यूल लागतं, निघाली ७१! कुणीतरी एक खोका फ्रीझरमध्ये ठेवला होता. बीसीजीची कोरडी पूड गोठली तरी बिघडत नाही, पण द्रावक गोठलं की काच तडकते. ‘डिस्टिल्ड वॉटर चालेल का?’ अशी विचारणा लगेच झाली. नाही चालत. ज्या उत्पादकाची लस त्याचंच द्रावक, तेही नेमकं तेवढंच. नऊ कुप्या वेगळ्या काढल्या आणि शेजारच्या भांडाराकडे त्याच उत्पादकाची नऊ ॲम्प्यूल मागितली.

दुपारी प्रसूतिगृहातून फोन. कुपी ९:४० ला कालवलेली, अकरा बाळं झालेली, चार बाळं चारनंतर येणार, थांबू का? कालवल्यापासून सहा तास किंवा सत्र संपेपर्यंत, जे आधी होईल ते. ३:४० ला कुपी टाकायचीच. या लसीत जंतुरोधक नसतो, कालवलेल्या कुपीत बाहेरचे जंतू शिरले तर ते वाढतात आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतं. त्या चौघांना पुढच्या वारी बोलावलं. डोस ०.०५ मिलीच, टंचाई आहे म्हणून तो अर्धा करायचा नाही. वाचवायचं ते सिरिंजमध्ये: आधी हवा ओढून घेऊ नका, बुडबुडे काढताना थेंब सांडतात आणि वीसचे सोळा होतात.

कारखान्यांना दोष देऊन फार उपयोग नाही. लसीतला जिवाणू मुळातच सावकाश वाढतो, आणि लसीत रोगकारक जंतू नाहीत ना हे पाहायला गिनीपिगवर किमान सहा आठवडे लक्ष ठेवावं लागतं. उत्पादन आज सुरू झालं तरी माल लगेच सुटत नाही.

संध्याकाळच्या नोंदी: चार कुप्या फोडल्या, ५८ बाळं. नऊ ॲम्प्यूल रात्री पोचली. कोमट हाताला लागत होती, म्हणून २ ते ८ अंशांत ठेवली. पूर्ण गार व्हायला हवीत, म्हणून ती उद्या वापरायची नाहीत, परवा.