आमची वाटचाल: दोन टोपल्या, एकच यादी

मी, माझा भागीदार आणि सांगलीतल्या घराच्या गच्चीवरची एक खोली, एवढ्यावर कंपनी सुरू झाली. मराठी अक्षरं शिकवणारे खेळ आम्ही पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत, पायगेम (खेळ बनवण्यासाठीचं तयार कोड) वापरून करायचो. शाळांच्या जुन्या संगणकांवर चालावं म्हणून छोटं इंजिन, म्हणजे खेळ चालवणारं मूळ कोड, स्वतः लिहिलं. त्याचा मला आजही अभिमान आहे.

धंदा बुडायची वेळ आली ती एका शाळेतल्या डेमोत. एकाच पडद्यावर दोन मुलं खेळत होती. एकाने 'क' पकडला आणि तो दोघांच्याही टोपलीत दिसला. गुण दोघांचे वाढले. आमचे स्पर्धक तिथेच बसले होते. पुढे महिनाभर ते शाळाशाळांत सांगत फिरले, की यांच्या खेळात मुलांचे गुण मिसळतात. तीन ऑर्डरी गेल्या. चूक आमचीच होती. पण ती दुरुस्त झाल्यावरही ते तेच सांगत राहिले, हे मी विसरलेलो नाही.

खेळाडूच्या क्लासमध्ये, म्हणजे दर खेळाडू ज्या साच्यातून बनतो त्यात, टोपलीसाठी डिफॉल्ट म्हणून (वेगळं काही दिलं नाही तर वापरायला) रिकामी यादी दिली होती. पायथॉन ती यादी फंक्शन (इथे खेळाडू बनवणारा कोडचा तुकडा) तयार होताना एकदाच बनवतो, दर खेळाडूला नवी देत नाही. म्हणून दोघांची टोपली एकच झाली. तपासताना आम्ही एकेकटेच खेळायचो, दर वेळी प्रोग्रॅम बंद करून नव्याने सुरू करायचो. चूक दिसणार कशी?

त्या रात्री भागीदाराने दोन्ही टोपल्यांचे आयडी, म्हणजे पायथॉन दर ऑब्जेक्टला (मेमरीतल्या वस्तूला) देतो ते ओळखीचे आकडे, छापले. आकडा एकच. (ताडताना दोन्ही ऑब्जेक्ट जिवंत असू द्या. एक मेमरीतून गेला की तोच आकडा दुसऱ्याला मिळू शकतो.) डिफॉल्टला नन (None, म्हणजे 'काहीच नाही') ठेवलं, यादी फंक्शनच्या आत दर खेळाडूसाठी नवी बनवली, टोपल्या वेगळ्या झाल्या.

एका मुख्याध्यापिका बाईंनी मात्र ऑर्डर रद्द केली नाही. मुलं जोडीने बसवून त्या खेळ चालवायच्या आणि काय बिघडतं ते वहीत लिहायच्या. एका पानावर होतं: 'मधल्या सुट्टीनंतर पहिली पातळी पुन्हा लावली, विटा आधीच फुटलेल्या.' त्या एका ओळीने आमचे आठ दिवस वाचले. पातळीचा नमुना, म्हणजे विटांच्या ओळींची यादी, आम्ही साध्या कॉपीने घेत होतो. ती फक्त बाहेरची यादी नवी करते, आतल्या ओळी मूळच्याच राहतात. म्हणजे मुलं आमचा नमुनाच फोडत होती.

तिथे डीपकॉपी लावली, ती आतल्या ओळींसकट सगळं नवं करते. मग भागीदाराने धास्तीने ती सगळीकडे लावली, दर फ्रेमला (पडद्यावर उमटणाऱ्या दर चित्राला) पातळीचा अख्खा नकाशा नव्याने बनू लागला आणि खेळ अडखळला. नव्याने इंजिन लिहिणाऱ्यांनो, चित्रं आणि आवाज एकदाच लोड करून सगळ्यांत वाटा. जागा, गुण, टोपली मात्र ज्याची त्याला द्या. हे कोड लिहायच्या आधी कागदावर ठरवा.

पुढची वर्षं नीट गेली. बाई निवृत्त झाल्या, जाताना वही आम्हाला देऊन गेल्या. नवा मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी तीच वाचायला देतो.