'ऋ'चा प्राणी

मधल्या सुट्टीत आम्ही 'नाव-गाव-प्राणी-वस्तू' खेळायचो. एकाने मनातल्या मनात मुळाक्षरं म्हणायची, दुसऱ्याने 'थांब' म्हणायचं. 'क', 'म', 'स' आलं की वह्या भराभर भरायच्या. 'झ'ला झेब्रा आणि 'य'ला याक ठरलेला. 'ऋ' आला की मात्र सगळे एका सुरात ओरडायचे, "पुन्हा!" ऋषी हे नाव कुणालाही सुचायचं, पण प्राण्याच्या रकान्यात लिहिणार काय?

१९८३ साली, आठवीत असताना, संस्कृतच्या बाईंनी आमचा गलका ऐकला. वर्गात आल्या आणि फळ्यावर एकच शब्द लिहिला: ऋक्ष. म्हणजे अस्वल. जांबवंताला ऋक्षराज म्हणतात, तो हाच शब्द. सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत असं शतपथ ब्राह्मणात आहे, हेही त्यांनी सांगितलं. ग्रीकांनाही त्याच भागात अस्वल दिसलं. त्यांचा 'आर्क्टोस' आपल्या 'ऋक्षा'चा सख्खा भाऊ, आणि 'आर्क्टिक' हे नाव आकाशातल्या त्या अस्वलावरूनच पडलं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी जागचं हललं नाही.

तोवर आम्हाला माहीत होतं ते दरवेशाचं अस्वल. लहानपणी मी दचकून उठायचो म्हणून आईने त्याच्या केसाचा ताईत माझ्या गळ्यात बांधला होता. त्या हिवाळ्यात दरवेशी शाळेच्या फाटकाशी आला, तेव्हा पहिल्यांदाच मी अस्वलाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. दोरी नाकातून आरपार ओवलेली होती. भोकाच्या कडा लाल झालेल्या, त्यावर माश्या बसलेल्या. दोरीला हिसका बसला की ते मागच्या पायांवर उभं राहायचं आणि पोरं टाळ्या वाजवायची. मला टाळी वाजवता आली नाही. घरी जाऊन ताईत सोडून ठेवला. आई रागावली, पण पुन्हा बांधला नाही.

खरं तर ऋक्षाचं घर आमच्या शाळेपासून फार लांब नव्हतं. बुलढाणा-खामगाव रस्त्यावरचं बोथ्याचं जंगल अस्वलांचंच. १९९७ साली तिथे अभयारण्य झालं, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं, आणि नाव मिळालं ज्ञानगंगा. मुळाक्षरांतल्या आणखी एका अडलेल्या अक्षराचा, 'ज्ञ'चा, गावाचा रकाना असा भरला! २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालून इथे पोचला तेव्हा सगळीकडे ज्ञानगंगेचं नाव झालं. मला आनंद झाला, तरी वाटत राहिलं की इथल्या अस्वलांबद्दलही कुणीतरी तितक्याच कौतुकाने बोलावं.

ते वारूळ कसं खातं, तेच बघा. लांब नखांनी वारूळ फोडायचं, फुंकर मारून माती उडवायची, नाकपुड्या मिटायच्या आणि ओठांची नळी करून वाळवी ओढून घ्यायची. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून वाळवी सरळ आत जाते. हा ओढण्याचा आवाज शंभर मीटरच्याही पलीकडे ऐकू जातो. मोहफुलं त्याला फार आवडतात आणि माणसालाही ती हवी असतात. पहाटेच्या अंधारात दोघं एकाच झाडाखाली येतात, अचानक समोरासमोर होतात आणि घाबरलेलं अस्वल अंगावर धावतं. जखमी झालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं दुःख मोठंच आहे, तरी अस्वलाला खुनशी म्हणणं मला पटत नाही.

काही वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला मी पाणवठ्यावरच्या मचाणावर बसलो होतो. मध्यरात्र उलटल्यावर पाला वाजला आणि एक मादी झुडपातून बाहेर आली. पाठीवरच्या लांब केसांना दोन पिल्लं घट्ट धरून बसली होती. ती पाणी प्यायला वाकली तसं पुढचं पिल्लू मानेपर्यंत घसरलं आणि धडपडत पुन्हा वर चढलं. तिच्या नाकात दोरी नव्हती. ती परत जंगलात शिरेपर्यंत मी श्वास रोखून बसलो होतो.

मग बॅटरीच्या उजेडात तक्ता उघडला. वेळ, प्राणी, संख्या असे रकाने होते. प्राण्याच्या रकान्यात मी आधी 'ऋ' लिहिला, थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो, मग खोडून लिहिलं: अस्वल, ३.