कैलासाच्या अंगणात मोबाइल

मागच्या हिवाळ्यात लातूरकडच्या एका महाविद्यालयाची सहल वेरूळला आली होती. सोळाव्या लेण्याच्या, म्हणजे कैलास मंदिराच्या अंगणात मी तोंड उघडण्याआधीच एका मुलाने मोबाइल पुढे करून विचारले, “सर, हे एलियननी बांधलंय ना? यूट्यूबवर आहे.” पंधरा वर्षांपूर्वी मी गाईडचे काम सुरू केले, तेव्हा माणसे कोऱ्या मनाने येत असत, आता ती उत्तर खिशात घेऊन येतात आणि आपण त्यावर फक्त शिक्का मारावा, अशी त्यांची अपेक्षा असते.

त्या मुलाशी मी वाद घातला नाही. अंगणाच्या कडेला जो कातळ उभा तासून काढला आहे, त्यावरचे छिन्नीचे घाव त्याला दाखवले आणि मग सगळ्यांना बाजूच्या वाटेने डोंगरावर नेले. तिथून खाली पाहिले की सभामंडपाच्या छतावरचे कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह समोर येतात आणि हे मंदिर पायापासून चढवलेले नसून शिखरापासून खाली उतरवलेले आहे, हे न सांगता कळते. शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचा नवस बोललेली राणी आणि म्हणून कळसाकडून काम सुरू करणारा पैठणचा कोकस, ही आपल्याकडची जुनी कथा मी तिथेच सांगतो. ती दंतकथाच आहे. परंतु ती रचणाऱ्याला खोदकामाची रीत ठाऊक होती, एवढे श्रेय तिला द्यावे लागते.

एकूण ३४ लेणी, त्यांतली १२ बौद्ध, १७ हिंदू आणि ५ जैन. कैलास आठव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातला. १९८३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश, हा आमचा नेहमीचा पाठ. हे सगळे आता फोन न अडखळता सांगतो आणि त्याचे मला दुःख नाही. खरे तर आमच्यापैकी काही जणांनी वर्षानुवर्षे जे तिखटमीठ लावून सांगितले, ते पर्यटक आता जागच्या जागी तपासू लागल्याने आम्हाला वाचनाची सवय लागली, हा या यंत्राचा उपकारच म्हणायचा.

खरा फटका बसणार आहे तो परकीय भाषांच्या गाईडांना. जपानी किंवा फ्रेंच शिकण्यासाठी ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, त्यांना त्या भाषेपोटी मिळणारा जादा मोबदला भाषांतर करणारे ॲप हळूहळू गिळणार, हे उघड आहे. दुसरी तक्रार माझी स्वतःची आहे. एका संकेतस्थळावरून मिळालेल्या कामातले कमिशन आधीच कापले जाते, आणि एका पाहुण्याने मला पाचपैकी एकच तारा दिला, कारण ऊन फार होते. मे महिन्यातल्या मराठवाड्याच्या उन्हाची जबाबदारी गाईडवर टाकणारी ही व्यवस्था नव्या मुलांना या धंद्यात किती टिकू देईल, याची मला शंका वाटते.

काही गोष्टी मात्र कानात इअरफोन घालून कळतच नाहीत. दहाव्या लेण्यात, ज्याला लोक ‘सुतार की झोपडी’ म्हणतात, त्या कमानदार छताखाली मी “बुद्धं शरणं गच्छामि” एवढेच संथपणे म्हणतो आणि थांबतो. दगडी फासळ्यांमधून आवाज फिरत राहतो. त्या क्षणी ज्याच्या कानात ध्वनिमुद्रित माहिती चालू असते, त्याला माहिती मिळते, पण लेणे ऐकू येत नाही.

याउलट, जिथे गाईड क्वचितच भेटतो, तिथे मला फोन हवा आहे. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याला पायऱ्या उतरून जाणारा माणूस तिथले दगडी हत्ती पाहतो आणि परततो. त्याच जागी सापडलेला हसरा यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तो कण्हदास नावाच्या सोनाराने घडवला, असे त्याच्या हातावर कोरलेले आहे, हे त्याला कोण सांगणार? हल्ली मी पाहुण्यांना घेऊन तिथे गेलो की लेण्यासमोर उभा राहून त्या यक्षाचे छायाचित्र मोबाइलवर मोठे करून दाखवतो. परवा एक आजीबाई बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “सोनाराचाच हात आहे बाबा, गळ्यातले दागिने बघ की.” पंधरा वर्षांत मी ते दागिने असे पाहिले नव्हते.