एका घरच्या पोळ्या

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरून देण्याचे मी मार्च २०२४ मध्ये कबूल केले, तेव्हा हे काम दोन-तीन खेपांत उरकेल अशी माझी समजूत होती. बँकेच्या काउंटरवर लोकांचे फॉर्म तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे कागदांची धास्ती नव्हती. मावशी एक्कावन्न वर्षांच्या, राहायला पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीत. यजमान रंगकाम करायचे. ते जाऊन पाच वर्षे झाली होती. दहावीतली मुलगी सोबत आणि शेजारच्याच खोलीत धाकटे दीर, ज्यांचा एक पाय अपघातानंतर गुडघ्याखाली कापावा लागला आहे.

विधवा, दिव्यांग, अनाथ मुले, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण असे अनेक जण या एका योजनेत येतात. वयाची अट साधारण १८ ते ६५ अशी आहे, राज्यात पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते आणि पासष्टीनंतर माणूस श्रावणबाळ योजनेकडे वर्ग होतो. मावशींची कागदपत्रे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेली होती: केशरी रेशनकार्ड, आधार, पासबुक, लाइट बिल आणि यजमानांच्या मृत्यूचा दाखला. दाखल्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला, त्यात तीन आठवडे गेले. पण त्याबद्दल तक्रार नाही, बँकेत आम्हीही तेच करत होतो.

घोडे अडले ते उत्पन्नाच्या रकान्यापाशी. विधवेच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असले पाहिजे, किंवा कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असले पाहिजे. मावशींचे नाव त्या यादीत नव्हते. (याच कारणाने यजमान गेले तेव्हा कमावती व्यक्ती दगावल्यावर मिळणारे राष्ट्रीय कुटुंब लाभाचे एकरकमी २०,००० रुपयेही त्यांना मिळाले नव्हते.) २१,००० ला बाराने भागले की महिन्याला १,७५० रुपये होतात आणि दिवसाला सत्तावन्न. मावशी चार घरच्या पोळ्या करतात. आम्ही त्यांना महिना २,००० रुपये देतो, म्हणजे वर्षाचे २४,०००. बाकीची तीन घरे राहू द्या, एकट्या आमच्या घरातून जाणाऱ्या पैशाने त्या निराधारपणातून बाद होत होत्या, आणि त्यांचा अर्ज भरायला बसलो होतो मी.

टेबलापलीकडचा कर्मचारी सभ्य होता. रांग मोठी असूनही त्याने सगळे कागद वाचले आणि आवाज खाली आणून म्हणाला, “काका, एकवीसच्या आतला दाखला आणा. सगळे आणतात.” मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “काका, चार घरं करते हे सगळ्या वसाहतीला ठाऊक आहे. खोटं कुणाला सांगू?” त्या वेळी मला या दोघांचाही राग आला नाही. अनुदान महिना ६०० रुपये होते तेव्हाही मर्यादा हीच होती; २०१९ मध्ये ते १,००० झाले, २०२३ मध्ये १,५०० झाले, मर्यादा मात्र २१,००० वरच राहिली. आता सरकार स्वतः वर्षाला १८,००० देणार आणि ते ज्याला द्यायचे त्याचे उत्पन्न २१,००० च्या वर असता कामा नये. शहरात खोलीचे भाडे देऊन कोणी एवढ्यात जगत असेल तर ते कसे, हे दाखला देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. परिणाम असा होतो की ज्याला खोटे लिहायला जड जात नाही त्याचा अर्ज पुढे सरकतो, आणि जी बाई रकान्यात खरा आकडा लिहिते तिचा तिथेच थांबतो. मावशींनी सही केली नाही. आम्ही पिशवी घेऊन परत आलो.

दिरांचे काम त्या मानाने सरळ झाले. त्यांचे रेशनकार्ड वेगळे, मिक्सर दुरुस्तीची कमाई वर्षाला चाळीसेक हजार, आणि दिव्यांगांसाठी मर्यादा ५०,००० ची आहे. अपंगत्व किमान ४० टक्के लागते, त्यांच्या प्रमाणपत्रावर ६० होते. केंद्राचे जे दिव्यांग निवृत्तिवेतन आहे त्याला ८० टक्के लागतात आणि केंद्राचा वाटा महिना ३०० रुपयांचा आहे, तोही २०१२ पासून तेवढाच. म्हणून भिस्त राज्यावरच. त्यांना १,५०० सुरू झाले आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांची रक्कम २,५०० करण्यात आली. मुलीसाठी बालसंगोपनाचा अर्ज केला. ही योजना फक्त अनाथांसाठी आहे असे पुष्कळांना वाटते, परंतु आई-वडिलांपैकी एकच हयात असलेल्या मुलांनाही तिचा लाभ मिळतो आणि २०२३ पासून महिना २,२५० रुपये मिळतात, अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत. गृहचौकशी झाली, बाल कल्याण समितीपुढे दोघी जाऊन आल्या, आणि ते मंजूर झाले.

मग जुलै २०२४ उजाडला आणि ‘लाडकी बहीण’ आली. रक्कम तीच, १,५०० रुपये, विधवाही पात्र, मर्यादा मात्र अडीच लाख, आणि पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाच नको. अंगणवाडीताईंनी मोबाइलवर अर्ज भरला, त्याला पंधरा मिनिटेही लागली नसतील. ऑगस्टमध्ये, बालेवाडीत योजनेचा मोठा सोहळा झाला त्याच आठवड्यात, मावशींच्या खात्यात दोन महिन्यांचे ३,००० रुपये आले. एकवीस हजारांच्या फूटपट्टीने ज्या बाईला तिचे खरे उत्पन्न नडले, तिला तेच उत्पन्न सांगून तेवढीच रक्कम मिळाली. मला आनंद झाला, आणि थोडा अपमानही वाटला, कारण चार महिने मी ज्या आकड्याशी झगडत होतो त्याला काही अर्थ असेल असे मी तोवर धरून चाललो होतो.

ही रक्कम पासष्टीपर्यंतच आहे. त्यानंतर मावशींनी अर्ज करायचा तो श्रावणबाळ योजनेत, आणि तिथल्या रकान्यातही २१,००० हाच आकडा मी वाचला आहे. आज ज्या चार घरांच्या पोळ्या होतात त्यांतले एक घर जरी त्या वयात त्यांनी धरून ठेवले, तरी त्या पुन्हा मर्यादेबाहेर.

मध्यंतरी सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणींना ई-केवायसी सक्तीची झाली. स्वतःच्या आधारनंतर पुढच्या पानावर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला होता, आणि ओटीपी जाणार होता तो त्यांच्या मोबाइलवर. मावशींचे वडीलही हयात नाहीत. त्या स्वयंपाकघराच्या दारात फोन धरून उभ्या होत्या, हाताला पीठ, आणि मला विचारत होत्या, “काका, ह्यांचा नंबर तर मीच बंद केला. आता ओटीपी कुठं येणार?” अशा बायकांनी मृत्यूचा दाखला अंगणवाडीत द्यावा अशी सोय पुढे झाली. मावशींनी तीच पिशवी आणली. निराधार योजनेच्या वेळी हाताळून फाटू नये म्हणून त्यांनी तो दाखला वीस रुपये देऊन लॅमिनेट करून घेतला होता.