स्टिअरिंगचे नऊ तास, हातोड्यांचे किती?

सोलापूरहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "काय बे, किती कमवूलालास?" पोलंडच्या कंपनीत ट्रक चालवतो म्हटल्यावर लोक विचारणारच. मार्केट यार्डातून कांदा भरून बेंगळुरूला जाणारे जुने दोस्त विचारतात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या गाठी टेम्पोत चढवणारे विचारतात, आणि ज्यानं आयुष्यात स्कूटरच्या पुढं काही चालवलं नाही तो चुलतभाऊसुद्धा विचारतो. तास किती, हे अजून कुणी विचारलेलं नाही. एकट्या मामानं विचारलं, आणि त्याचं कारण आहे. ते पुढं सांगतो.

इथं नव्या ड्रायव्हरची परीक्षा लायसन्सनं संपत नाही. लायसन्स झालं, 'कोड ९५' चं, म्हणजे धंद्यानं ट्रक चालवणाऱ्यांसाठीचं सक्तीचं प्रशिक्षण झालं, चाळीस टनांची गाडी रिव्हर्स लावता यायला लागली, तरी तासांचा हिशोब जमेपर्यंत माणूस नवाच. युरोपीय संघाचा ५६१/२००६ क्रमांकाचा नियम आहे आणि तो पोलंड, जर्मनी, फ्रान्स, सगळीकडं सारखाच लागतो. दिवसाला ९ तास गाडी चालवायची, आठवड्यातून दोनदा १० तास चालतात. आठवड्याला जास्तीत जास्त ५६. पण लागोपाठच्या दोन आठवड्यांचे मिळून ९० च. म्हणजे या आठवड्यात ५६ ओढले की पुढच्या आठवड्याला ३४ उरले. नव्या माणसाच्या हे ९० ध्यानात राहत नाहीत. डिस्पॅचरच्या, म्हणजे ऑफिसात बसून गाड्यांना कामं लावून देणाऱ्याच्या राहतात, पण तो आपणहून आठवण कशाला करून देईल?

साडेचार तास चाक फिरलं की ४५ मिनिटं थांबायचं. त्याचे दोन तुकडे करता येतात, आधी १५ मिनिटं आणि मग ३०. उलटं केलं तर धरत नाहीत. साडेचार तासांत इथल्या हायवेवर साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर होतात, म्हणजे सोलापूर सोडलं की घाट उतरून पनवेलच्या अलीकडं पहिला थांबा. (त्या ४५ मिनिटांत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. कडक भाकरी महिनाभर टिकते हे आपल्याकडच्या बायकांनी जणू लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरसाठीच शोधून ठेवलंय.)

हे सगळं मोजतो टॅकोग्राफ. कॅबिनमध्ये डोक्यावरच्या खणात बसवलेलं, कार रेडिओएवढं यंत्र. त्यात एटीएमसारखं आपलं कार्ड घालायचं. चाक हललं की यंत्र आपोआप स्टिअरिंगचं चिन्ह लावतं, तिथं कुणाचा शहाणपणा चालत नाही. चुंबक लावून त्याला फसवणारे इथंही निघतात, ती हुशारी काही आपल्याच लोकांची मक्तेदारी नाही. पण पोलिसांच्या हाती सापडले तर फार महागात पडतं. रस्त्यावर तपासणीला थांबवलं की आजचा दिवस आणि मागचे ५६ दिवस त्यांच्यासमोर उघडे असतात. पूर्वी मागचे २८ दिवस बघायचे, २०२४ संपता संपता ते दुप्पट झाले.

त्यामुळं 'अजून दोन तास ओढ की' असं कंपनी थेट म्हणत नाही. म्हणून उपयोगच नाही. दबाव येतो तो यंत्राच्या दुसऱ्या दोन चिन्हांवर.

गाडी थांबली की टॅकोग्राफ स्वतःच दोन हातोड्यांचं चिन्ह लावतो. हातोडे म्हणजे 'दुसरं काम': माल चढवणं-उतरवणं, बेल्ट आवळणं, डिझेल भरणं, टायर तपासणं. आराम असेल तर पलंगाचं चिन्ह ड्रायव्हरनं बटण दाबून लावायचं. बटण कुणी दाबलं ते यंत्राला कळतं, ते दाबल्यावर तो माणूस झोपला होता की पॅलेट (माल रचलेली लाकडी चौकट) ओढत होता, हे कळत नाही. सगळी गोम इथं आहे.

गोदामाच्या दाराशी गाडी लावलीय, सकाळी ८ ची वेळ दिलीय, बोलावणं येतं ११ ला. मग हातानं ओढायची पॅलेटची गाडी घ्यायची आणि तीसेक पॅलेट स्वतः उतरवायची. तेवढ्यात मोबाईलवर मेसेज, "पलंग लावलास ना?" आणि पुढं एक हसरा चेहरा. पलंग लागला की ४५ मिनिटांचा थांबा झाला असं धरलं जातं, आणि दारातून बाहेर पडल्या पडल्या नवे साडेचार तास मोकळे. कागदावर आराम करून ताजातवाना झालेला ड्रायव्हर, प्रत्यक्षात घामानं बनियन भिजलेला माणूस. शिवाय हातोड्यांचे तास कमी दिसले की कामाचे तासही कमी दिसतात. कामाच्या तासांना वेगळी मर्यादा आहे: सरासरी आठवड्याला ४८, एखाद्या आठवड्यात फार तर ६०. ड्रायव्हिंग आणि हातोडे मिळून.

आता न्यायानं बोलायचं तर प्रत्येक पलंग खोटा नसतो. किती वेळ थांबायचंय ते आधी सांगितलंय, रांगेत गाडी पुढं घ्यायची नाही, कॅबिनमध्ये पडून राहता येतंय, तर तो आराम आहे आणि तसा लावायला हरकत नाही. मी लावतो. पॅलेटच्या गाडीला हात लागला की हातोडे. त्यात मी पहिल्या महिन्यापासून तडजोड केली नाही आणि त्यासाठी टोमणेही ऐकलेत.

टोमणे मोठे गोड असतात. "बाकीचे ड्रायव्हर पोहोचतात." "जमेल तसं बघ, जबरदस्ती नाही." "ग्राहक जुना आहे." नियम मोड असं कुणी लिहीत नाही, पण जो पोहोचतो त्याला नवी गाडी मिळते आणि जो तास मोजतो त्याच्या वाट्याला जुनी गाडी आणि पॅलेट ओढायची गोदामं. किलोमीटरवर किंवा लवकर पोहोचण्यावर बक्षीस देऊन ड्रायव्हरला घाईत ढकलायला त्याच ५६१ च्या दहाव्या कलमात बंदी आहे. म्हणून बक्षीस 'चांगल्या वागणुकीचं' असतं. वागणूक म्हणजे काय ते शेवटी डिस्पॅचर ठरवतो.

यावर मला एकच गोष्ट उपयोगी पडलीय. फोनवर वाद घालायचा नाही, लिहून आकडे पाठवायचे. "आज ५ तास उरलेत, जागा ४१० किलोमीटरवर आहे, उद्या सकाळी ७ ला दारात असेन." बस्स. 'मी दमलोय' लिहिलं की समोरून समजूत घालणं सुरू होतं, आकड्यांची समजूत घालता येत नाही. माझे उरलेले तास डिस्पॅचरच्या स्क्रीनवर दिसतच असतात, म्हणजे विचारतो तो माहीत असूनच विचारतो. पण लेखी आकडा आला की पुढं काही झालं तर तो मेसेज त्याच्याही नावावर राहतो. तोही पंचविशीतला पोरगाच, एका वेळी कितीतरी गाड्या सांभाळणारा, वरून त्यालाही कुणीतरी झापत असतं. त्याची दया येते, पण त्याच्यासाठी मी पलंग लावणार नाही.

आणखी एक हिशोब कुणी शिकवत नाही. रोजची विश्रांती ११ तासांची, पण दोन आठवडी सुट्ट्यांच्या मधे तीन वेळा ती ९ वर आणता येते. चोवीसातून नऊ गेले, उरले पंधरा. म्हणजे 'नऊ तास ड्रायव्हिंग' म्हणता म्हणता माणूस पंधरा तास जागा आणि कामात असू शकतो, तेही पूर्ण कायदेशीर. गावाकडं एजंट सांगतात ते नऊ. पंधरा सांगत नाहीत.

जर्मनीत ड्रायव्हिंगच्या त्या नऊ तासांमधलेही सगळे वापरता येत नाहीत. संध्याकाळी हायवेवरच्या थांब्यांत ट्रक एकमेकांना खेटून उभे असतात, बाहेर पडायच्या रस्त्यावरसुद्धा. तास संपेपर्यंत चालवत राहिलात तर उभं राहायला जागा नाही. म्हणून मी तासभर हातात ठेवून थांबतो. जागाच मिळाली नाही तर बाराव्या कलमात सुरक्षित जागेपर्यंत जायची सवलत आहे, यंत्रातून कागदाची पट्टी काढून त्यावर कारण हातानं लिहायचं. पण काही डिस्पॅचर हे बारावं कलम रोजच्या वेळापत्रकातच धरतात. आधीच ठरवून केलेल्या उशिराला ते लागत नाही.

आता मामा. मामानं सोलापूर-चेन्नई गाडी चालवली, कधी कांदा, कधी साखर. आपल्या देशात मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ साली झाला. त्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आणि पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं. मामाला हे मी सांगितलं तेव्हा तो ढाब्यावर हसतात तसा मोठ्यानं हसला. त्याच्या वेळी मोजणारं यंत्र नव्हतं, डुलकी लागली की चिमटा काढणारा क्लीनर होता. म्हणून फोन केला की तो विचारतो, "झोप होती का रे?" मी त्याला पलंगाच्या बटणाची गोष्ट सांगितली. लगेच म्हणाला, "मग बटण तुझ्याच हातात ठेव, शेठच्या नको देऊ."

सात समुद्र ओलांडून यायच्या तयारीत असलेल्यांनी एजंटला पगारासोबत एवढं विचारा. मूळ पगार किती आणि रोजचा भत्ता किती, कारण आजारी पडलात की भत्ता थांबतो. ४५ तासांची आठवडी सुट्टी कुठं काढायची, कारण ती कॅबिनमध्ये काढायला २०२० पासून बंदी आहे आणि खोलीचा खर्च कंपनीनं द्यायचा असतो. माल कोण उतरवणार? दंड झाला तर पगारातून कापणार का? उत्तरं करारात लिहून मागा, आणि करार तुम्हाला कळणाऱ्या भाषेत हातात पडेपर्यंत पैसे देऊ नका.