नाकाचं ठरत नाहीये

सकाळची गोष्ट दिवसभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

रात्रीचं वरण मी फडताळातून काढून ओट्यावर ठेवलं आणि वळले. धाकट्या जावेनं झाकण उचललं, वाकून वास घेतला आणि झाकण परत ठेवलं. बोलली काहीच नाही. तिला वाटलं मी पाठमोरी आहे. मग माझं लक्षच लागून राहिलं. दुधाचंही तेच, भिजत घातलेल्या डाळीचंही तेच. मी भांडं हलवलं की थोड्या वेळानं ती तिथं जाऊन हुंगून येते. कधीपासून करतीय कोण जाणे.

यात दुखावण्यासारखं काय आहे? उन्हाळा आहे, वरण एका रात्रीत आंबतं. घरात मामंजी आहेत, लेकरं आहेत. मला वास येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिनं बोभाटा केला नाही, चारचौघांत विषय काढला नाही, गुपचूप घराची काळजी घेतली. तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. "अक्का, मी वास बघू का?" असं तोंडावर विचारलं असतं तर बरं वाटलं असतं का? नाही, तेही लागलंच असतं. म्हणजे तिचं काही चुकलेलं नाही, आणि तरी दिवसभर घशाशी काहीतरी येऊन बसलंय.

या घरात वासाचं काम माझं होतं. वर्षाचा काळा मसाला माझ्याच हातचा. धने कधी उतरवायचे, खोबरं कुठवर जाऊ द्यायचं, दगडफूल तेलात किती वेळ, हे मी डोळ्यांनी कधी ठरवलंच नाही. धन्याचा रंग लवकर बदलतो, पण आतला कच्चेपणा गेला का ते नाकालाच कळतं. येसराचं, आमटीसाठी भाजून दळतात त्या पिठाचंही तसंच. कुणाच्या घरी लग्न निघालं की बायका भाजलेलं धान्य ताटात घेऊन यायच्या, "अक्का, जरा हुंगून सांगा." गेल्या वर्षी रंगावर भागवलं. कुणी नावं ठेवली नाहीत, पण मला माहीत होतं की मी अंदाजानं करतीय. यंदा अक्षय तृतीया होऊन गेली, मिरच्या माळवदावर वाळून कडकडीत झाल्यात, आणि मी अजून धने निवडायला घेतलेले नाहीत.

लातूरच्या डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून पडद्यावर दाखवलं होतं. सोललेल्या द्राक्षासारखे फिकट, ओले गोळे, दोन्ही नाकपुड्यांत. ते दुखत नाहीत. दुर्बिणीचं टोक लागलं तरी कळलं नाही. गावात म्हणतात नाकात मांस वाढलंय, डॉक्टर पॉलिप म्हणतात. कॅन्सर वगैरे दिसत नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं, कारण ह्यांचा चेहरा पडद्याकडे बघूनच उतरला होता. वास ओळखणाऱ्या नसा नाकात पार वर, छताला असतात, आणि माझी हवा तिथवर पोचतच नाही. सीटी स्कॅनमध्ये डोळ्यांच्या मधल्या आणि गालांतल्या पोकळ्या काळ्या दिसायला हव्यात, कारण तिथं हवा असते. माझ्या राखाडी दिसतात, भरलेल्या. नाकात मारायचा औषधाचा फवारा चालू आहे, मिठाच्या पाण्यानं नाक धुणं चालू आहे, पाणी उकळून गार केलेलंच घेते. फरक पडला तो एवढाच, की शिंका कमी झाल्या.

मग ते म्हणाले, "ऑपरेशन केलेलं बरं. पण घाई नाही. तुम्ही ठरवा."

घाईचं असतं तर किती सोपं झालं असतं. पोराचं अपेंडिक्स दुखायला लागलं तेव्हा रात्रीतून निघालो, सही केली, झालं. तिथं ठरवायचं काही नव्हतंच. इथं ठरवायचं सगळं माझ्यावर आलंय. शेती, लग्नं, पोरांच्या शाळा, सगळ्यात माझा सल्ला घेतला जातो, पण माझ्या अंगाचं काही असलं की मी आजवर ह्यांच्याकडे बघत आलेय. ह्यांना विचारलं तर म्हणतात, "तुझं नाक हाय, तू सांग."

भीती कसली वाटते म्हणून सगळे विचारतात. भुलेची? थोडी. डोळा आणि मेंदू तिथून जवळ आहेत, मधलं हाड फार पातळ आहे, क्वचित डोळ्याला इजा होते, मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळू शकतं, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. फार थोड्यांना होतं म्हणाले. ऐकताना हात गार पडले होते. पण रात्री जाग आणणारी भीती ती नाही. ऑपरेशन होईल, सगळं नीट होईल, टाके नाहीत, बाहेरून व्रण नाही, आणि वास मात्र येणार नाही, ही भीती आहे. आज मी म्हणू शकते की मांस वाढलंय म्हणून वास येत नाही. मांस काढल्यावर काय म्हणू?

हे मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर म्हणाले असते, मग नाहीतरी आत्ता कुठं येतोय. बरोबर आहे त्यांचं. पण आत्ता येत नाही आणि कधीच येणार नाही, यात फार अंतर आहे, आणि मी त्या अंतरात राहतेय.

थंडीत डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. गोळे आकसतात का बघू म्हणाले. त्या गोळ्या चालू असतानाच येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आली. पहाटे उठून भज्जीचं पातेलं उघडलं आणि वास आला. चिंचेचा, ओल्या हरभऱ्याचा, लसणाचा, एकामागून एक. मी झाकण हातात धरून उभीच राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "काय झालं गं, पडलं का काय त्यात?" मला बोलता येईना. आंबिलाच्या बिंदग्यावर वाकले, ताकाचा वास आला, कोथिंबिरीचा आला. शेतावर गेलो तर कडब्याच्या खोपीचा, रात्री पाणी दिलेल्या गव्हाचा, शेणाचा, ह्यांच्या सदऱ्याच्या घामाचा, सगळे वास आले. हे आंबिल शिंपडत शेताला चक्कर मारत होते आणि मी मागं मागं नुसती नाकानं श्वास घेत चालले होते. नाकानं श्वास घेता येणं हेही विसरले होते. त्या रात्री तोंड मिटून झोपले. सकाळी घसा कोरडा नव्हता.

रथसप्तमी येईस्तोवर सगळं गेलं. आधी फुलांचा वास गेला, मग मसाल्याचा. शेवटी फरशी पुसताना फिनेल तेवढं कळायचं, मग तेही नाही. आईचं एक लुगडं पेटीत आहे. ते मी त्या दिवसांत काढलं होतं. ते राहू दे.

डॉक्टरांना सांगितलं तर ते खूश झाले. गोळ्यांनी वास आला म्हणजे नसा शाबूत आहेत, ही चांगली खूण आहे, म्हणाले. मग त्याच गोळ्या परत द्या म्हटलं. नाही म्हणाले. सारख्या घेतल्या तर साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू येतो. माझी साखर आधीच काठावर आहे. तेव्हा ती येळवस म्हणजे माझ्याजवळची एकच खूण, आणि ऑपरेशन झालं की तिचा निकाल लागणार. खरी ठरली तर ठरली. नाही ठरली तर हातात तेवढंही राहणार नाही.

घरात प्रत्येकाचं मत आहेच. आत्याबाई म्हणतात, "उन्हाळ्यात नाकाला हात लावू देऊ नकोस, घोळणा फुटतो." ह्यांचा वास २०२१ मध्ये कोरोनात गेला होता आणि काही आठवड्यांनी आपोआप आला, त्यामुळे यांना आतून वाटतं की माझाही येईल. वैद्यकाका म्हणाले, हा जुना रोग आहे, नासार्श, म्हणजे नाकातला अर्श, मांसाचा कोंब. सुश्रुतानं अर्शाला औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितलेत, आणि तुमचं औषध करून झालंय. मला वाटलं होतं ते नस्य, म्हणजे नाकात घालायचे औषधाचे थेंब, देऊन थांबवतील. मावसभावाचं उदाहरण मात्र सगळे मिळून देतात, की त्याचं काढलं आणि परत आलं. त्याचं फार पूर्वी तारेच्या फाशानं नुसतं ओढून काढलेलं. आता दुर्बिणीनं आतल्या पोकळ्यांची तोंडंही मोकळी करतात. तरी परत वाढू शकतं, हे डॉक्टरांनीही सांगितलं. मला दमा आहे, पंप घेते, आणि दमा असणाऱ्यांत परत वाढायचा संभव जास्त असतो. एक इंजेक्शनही निघालंय, डुपिलुमॅब नावाचं. अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला नाकाच्या या दुखण्यासाठी मान्यता मिळाली. दर दोन आठवड्यांनी टोचून घ्यायचं. किंमत ऐकली आणि आमच्या सोयाबीनचा भाव आठवला, पुढचं विचारलं नाही.

दुपारी एकटी होते तेव्हा रडू आलं. या सगळ्यांना वाटतं, चव तर लागतेय ना, मग झालं. मला तिखट, मीठ, आंबट, गोड कळतं. शेपूची भाजी आणि मेथीची भाजी मला डोळे मिटून सांगता येणार नाही. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात, आणि ज्या बाईचा अर्धा दिवस शेगडीपुढं जातो तिला ते कळत नाही. डॉक्टरांनी गळतीचा अलार्म बसवायला सांगितलंय, हे म्हणतात आणू. कुणाला दिसत नाही म्हणून हे दुखणं नाहीच, असं आहे. पायाला प्लास्टर असतं तर गल्ली विचारून गेली असती.

आणि लेकीचे दिवस भरत येतील श्रावणात. पहिलटकरीण आहे, इकडेच येणार. बाळाच्या टाळूला तेल घालताना... तेही राहू दे.

संध्याकाळी तिचा फोन आला. गेल्या खेपेला दवाखान्यात ती सोबत होती. मी नेहमीसारखं म्हटलं, ठरत नाहीये. ती म्हणाली, "आई, तू काय समजायलीस? त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस का नाही? तुझा फवारा वर जातच नाही, त्या मांसावर आदळून खाली येतो. ऑपरेशन त्याला वाट करून द्यायला हाय. खरं औषध त्याच्यानंतर सुरू होतं."

मी ऐकलं होतं की. पण त्या दिवशी मला त्यातलं एवढंच टोचलं होतं, की ऑपरेशन करूनही फवारा आणि धुणं सुटत नाही. आज तेच वाक्य दुसऱ्या बाजूनं कानावर आलं. ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी वास नाही आला, तर तो निकाल नाही. आत सूज असते, खपल्या असतात, त्या डॉक्टर बोलावून साफ करतात, नाक शिंकरायचं नाही, रोज धुवायचं, मग फवारा वर पोचायला लागतो. वास हळूहळू येतो. कमी-जास्त येतो. परत वाढलं तर परत बघायचं. मी जी एकच खूण जपून ठेवली होती ती एका दिवसात खरी-खोटी ठरणार नव्हती. आणि समजा नाहीच आला, तरी तोंड मिटून झोपता येईल. येळवशीच्या रात्री झोपले होते तशी. त्या रात्रीची आठवण मी नेहमी वासासाठी काढते, झोपेसाठी काढलीच नव्हती.

भीती गेली का? नाही. पण ती घेऊन लातूरला जाता येईल एवढी झालीय.

जेवणं झाल्यावर धाकटीला म्हटलं, उद्या धने भाजायला बसू, तू जवळ बस. कच्चा वास कसा असतो, तो कसा गोड होत जातो, आणि कडवट व्हायच्या आधी कुठं उतरवायचं, हे सगळं मला आठवतंय. मी सांगते, वास तू घे. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "अक्का, मला जमंल का?" सकाळच्या वरणाचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. तिला जमेल. तिचं नाक चांगलं आहे, आणि घराची काळजी तर तिला आहेच.

ह्यांना सांगितलंय, सकाळी फोन लावून तारीख घ्या, ज्येष्ठातली मिळाली तर बघा. बाळंतिणीला शेक-शेगडी आली, ओव्याची, वावडिंगाची धुरी आली. नाकातली जखम पुरती भरून आल्याशिवाय त्या धुरात बसता यायचं नाही, म्हणून मधे अवकाश हवा. तोवर नाही भरली तर धुरी धाकटी देईल, बाळाचं न्हाऊमाखू मी करीन. साखर तपासून घ्यायची आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांना दम्याचं सांगायचं आहे, आणि मागं अ‍ॅस्पिरिनची गोळी घेतल्यावर दम लागला होता तेही, कारण दमा, पॉलिप आणि त्या गोळ्यांचं वावडं एकाच माणसात असू शकतं. सीटीची फिल्म कपाटावरून काढून पिशवीत ठेवली. आत्याबाईंना घोळण्याचं काय सांगायचं ते हे बघतील.